घरची पेटी

आमच्या पॅकहाऊसमधून कंटेनर भरून गेला की मालातली एक पेटी मागे राहते. राहते म्हणजे मुद्दाम ठेवतो. तिला आम्ही घरची पेटी म्हणतो. त्याच बागांमधली नासपती, तसंच खोकं, तेवढीच थंडी. फरक एवढाच की बाकीच्या पेट्या जहाजावर चढतात आणि ही आमच्या शीतगृहाच्या कोपऱ्यात बसून राहते. जहाज पोचायच्या थोडं आधी ही पेटी उघडायची. हिच्यात जे दिसेल तेच तिकडे दिसणार. समुद्रात डोकावून बघता येत नाही, म्हणून हिच्यात डोकावायचं.

ही पेटी निवडायची नसते, हे महत्त्वाचं. हाताला येईल ती उचलायची. चांगली बघून ठेवली तर आपणच आपल्याला फसवलं आणि वाईट ठेवली तर उगाच जिवाला घोर. हा नियम मी सगळ्यांना इतक्यांदा ऐकवलाय की पेट्या भरणाऱ्या बायका माझी नक्कल करतात, कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून. मी वळले की लगेच फळं पुसायला लागतात. मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.

पॅकहाऊस मी सांभाळते. सगळे मला ताई म्हणतात, माझ्या वडिलांच्या वयाचेसुद्धा. राग माझ्या नाकावर असतो हे मला मान्य आहे, पण तो नसता तर तिथे एक पेटी वेळेवर भरली गेली नसती.

त्या वर्षी आमच्या बागायतदारांच्या गटाने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने माल पाठवायचं ठरवलं. तोवर आम्ही दुसऱ्यांसाठी भरायचो. निर्यातदार यायचा, आमचं फळ त्याच्या खोक्यात जायचं, खोक्यावर त्याचं नाव आणि आमच्या वाट्याला धन्यवाद. आता खोकं आमचं, फळावरचं हिरवं लेबल आमचं आणि लेबलावर काढलेली वाकड्या देठाची नासपतीही आमचीच. तिकडच्या आडत्याने मात्र फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. माल चांगला निघाला तर दर हंगामाला घेईन, खराब निघाला तर पुन्हा विचारू नका. ज्यांच्यासाठी आम्ही भरायचो ते निर्यातदार तर रुसून केव्हाच दुसरीकडे गेले होते. म्हणजे हा कंटेनर बिघडला की पॅकहाऊसला कुलूप. मग बायका घरी आणि मीही घरी.

आणि तो कंटेनर जाणार होता नेमका धाकटीच्या शहरात.

धाकटी म्हणजे माझी बहीण. ती तिकडच्या एका इस्पितळात रक्त तपासते. गेली तेव्हा दोन वर्षांत येते म्हणाली होती, मग नोकरी पक्की झाली, मग घर घेतलं, मग ती फोनवरच येऊ लागली. दर रविवारी. मी गेले नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, मी गेलेच नाही. आई गेल्यावर घरात बाबा आणि मी, आणि घरामागे बाबांची बाग.

गटाने ते शहर ठरवलं त्यात बाबांचा काही हात नव्हता, पण बातमी ऐकल्यापासून त्यांची चालच बदलली. गुडघ्यांमुळे बागेत जेमतेम फिरणारा माणूस रोज सकाळी माझ्याआधी तयार होऊन दारात उभा.

"तुम्ही कुठे निघालात?"

"पॅकहाऊसला. बसेन एका बाजूला. तुझ्या मध्ये मध्ये नाही येणार."

बसले ते बरोबर सरकत्या पट्ट्याच्या शेवटी, जिथे भरलेली पेटी झाकण लावायला येते तिथे. स्टूल आपलं आपणच शोधून आणलं. पायाशी बागेतून आणलेलं एक कॅरेट, त्यावर पोतं टाकलेलं. ते कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "पाय टेकवायला." दुसऱ्या दिवशी कॅरेटं दोन झाली. मी म्हटलं, एकेका पायाला एकेक असेल.

भरणाऱ्या बायकांना ते आवडायचे. बाबांचे हात पेटीवरून फिरायचे आणि बायका तेवढ्यात कंबर सरळ करून घ्यायच्या. मला वाटायचं, म्हातारा माणूस लेकीच्या गावाला जाणारी फळं डोळे भरून बघतोय, बघू दे. मला मान वर करायला फुरसत नव्हती. वजनकाटा रुसला होता, खोक्यांचा तळ एका बाजूने उसवत होता आणि गटाचे अध्यक्ष दर तासाला येऊन "सबुरी, सबुरी" म्हणत सगळ्यांना घाई करत होते. त्यांना सगळे सबुरीकाका म्हणतात. एवढा उतावळा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

एकदा पट्टा बंद असताना बाबांनी मला जवळ बोलावलं.

"काय गं, यातली कुठली पेटी तिच्याकडे जाईल?"

"बाबा, अख्खं शहर आहे ते. ती कुठल्या दुकानात जाते, त्या दुकानात आपला माल जातो की नाही, गेला तर त्यातली कुठली पेटी, मला काय स्वप्न पडणार आहे?"

"म्हणजे कुठलीही जाऊ शकते."

"कुठलीही."

त्यांनी नुसती मान हलवली. हिरमुसले असतील असं वाटून मला वाईट वाटलं, पण तेवढ्यात पट्टा सुरू झाला.

कंटेनर आला त्या दिवशी तर नुसती धांदल. थंडी जाऊ नये म्हणून दार फार वेळ उघडं ठेवता येत नाही, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला, सबुरीकाका त्याला "सबुरी" म्हणताहेत आणि मला डोळ्यांनी आवर आवर करताहेत. शेवटचा थर आत गेला, मी सील हातात घेतलं आणि आठवलं, घरची पेटी राहिली. हातातलं सोडून जाता येईना. बाबा तिथेच उभे होते.

"बाबा, त्या कडेच्या पेट्या उरल्यात ना, त्यातली एक शीतगृहात ठेवून देता? घरची म्हणून."

"ठेवतो की," ते म्हणाले, आणि मला आठवतंय, ते चक्क खूश दिसले.

दार लागलं. सील दाबलं. ट्रक फाटकातून बाहेर पडून वळणावर दिसेनासा होईपर्यंत बाबा हात वर करून उभे होते. जणू धाकटीच निघाली होती.

मग वाट बघणं. जहाज मोबाइलवर एक ठिपका होऊन दिसायचं आणि बाबा सकाळ-संध्याकाळ तो ठिपका मागायचे. "एवढंच सरकलं?" हे रोजचं. धाकटीलाही तेच वेड लागलं. रविवारचे फोन आता मधल्या वारीही यायला लागले.

"ताई, मी दोन बाजार बघून ठेवलेत. एकात आपल्याकडची फळं बरीच येतात. बाबा बरे आहेत ना? त्यांना सांग, आल्या दिवशी घेणार."

"तूच सांग. ते माझ्या खांद्यावरून फोनमध्येच डोकं घालून बसलेत."

खरं सांगू, मला थोडं लागायचं. आमच्या घरात एक छान चादर आहे, ती कपाटात असते. धाकटी आल्यावर अंथरायची. एक निळा कप आहे, तोही धाकटीचा. आता कंटेनरही धाकटीचाच झाला. मी रोज त्या घरात असते, पण माझ्यासाठी ती चादर कधी निघाल्याचं मला आठवत नाही. हे बोलून दाखवायचं माझं वय नाही, म्हणून बोलले नाही. रात्री जेवण झालं की बाबा सुरी घेऊन फळ कापायला बसायचे, एकेक फोड माझ्या ताटात टाकायचे आणि मी शीतगृहाचे आकडे बघत न बोलता खायचे. रुसलेय हे त्यांना कळतही नव्हतं.

घरची पेटी उघडायचा दिवस आला. सबुरीकाका दुपारीच येऊन थांबले होते. आडत्याचा फोन संध्याकाळी यायचा होता, त्याला पेटीची अवस्था कळवायचं ठरलेलं होतं. मी पेटी बाहेर आणली, टेबलावर ठेवली, आणि झाकणाला हात लावायच्या आधीच मला वास आला. गोड, आंबूस वास.

झाकण काढलं. निम्मी फळं तपकिरी पडली होती. दोन तर बोट लावताच आत गेली.

"संपलं," काका म्हणाले. तोंडचं पाणी पळालं होतं त्यांच्या. "ताई, संपलं सगळं."

"थांबा, काका. मला बघू द्या."

"बघायचं काय? वास येतोय! सबुरी, सबुरी," असं म्हणत त्यांनी आडत्याला फोन लावलासुद्धा. मी हात पुढे करेपर्यंत सगळं सांगून मोकळे झाले.

आडत्या चिडला नाही, ते जास्त वाईट वाटलं. तो शांतपणे म्हणाला की जहाज उद्या सकाळी वाटेतल्या एका बंदराला लागतंय. माल तिथेच उतरवून घेतो, रसाच्या कारखान्यात देऊन टाकतो, फेकून देण्यापेक्षा तेवढं तरी बरं. मात्र हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवा. फोन ठेवून काका स्टुलावर बसले. तेच बाबांचं स्टूल.

"हो म्हणून टाकू या, ताई. तिकडे नेऊन सडवलं तर लोक मला उभा चिरतील. रस तर रस."

कंटेनरच्या थंडीची रेघ मोबाइलवर दिसते, ती मी पुन्हा बघितली. भरल्या दिवसापासून रेघ सरळ, कुठे उंचवटा नाही. शीतगृहाचं यंत्रही एकदासुद्धा बंद पडलेलं नव्हतं. मग पेटीला झालं काय?

मी एकेक फळ बाहेर काढायला लागले आणि माझे हात हळूहळू मंदावले. एक मोठं, एक लहान. आमचा पट्टा असं भरत नाही, आमच्याकडे एका पेटीत एकाच मापाचं फळ. तीन फळांना देठच नव्हते, आणि देठ नसलेलं फळ मी कुणाला भरू देत नाही, त्यावरूनही बायका माझी नक्कल करतात. आणि ठेवण. आम्ही फळं आडवी ठेवतो, सगळे देठ एका बाजूला. इथे प्रत्येक फळ वेगळ्याच दिशेला वळवलेलं होतं. नीट बघितलं तेव्हा कळलं. ज्याला जिथे मार लागलेला होता, ती बाजू वर होती. प्रत्येकाची.

ही रीत मी जन्मभर एकाच घरात पाहिलीय. आई टोपलीत फळं लावायची तेव्हा डाग वर करून ठेवायची. डाग वर असला की खालच्या फळाला लागत नाही, आणि दिसतो म्हणून ते आधी खाल्लं जातं. ती गेल्यावर टोपली बाबा लावतात.

"काका, फोन करू नका. मी आले."

"अगं पण संध्याकाळ..."

"आले म्हटलं ना!"

बाबा मागच्या पायरीवर बसून छाटणीच्या कात्रीला तेल देत होते. मी धावत आले होते, मला धाप लागली होती आणि पारा चढलेला होता.

"बाबा, घरच्या पेटीत तुम्ही काय भरलंत?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "का? उघडलीस का? फार खराब झाली का गं?"

"काय भरलंत?"

"ती नव्हती का फळं," ते म्हणाले, "थोडी थोडी मार लागलेली. कुणाला ओरखडा, कुणाचा देठ गेलेला. तुझ्या बायका चांगल्या भरतात, नाही म्हणत नाही. पण हजार पेट्या भरताना एखादं सुटतंच. ते मी काढत होतो. त्याच्या जागी आपल्या बागेतलं घालत होतो, त्याच मापाचं."

"कुठून घालत होतात?"

"कॅरेटातून."

पाय टेकवायचं कॅरेट! मी पायरीवर बसलेच.

"एवढ्या सगळ्या पेट्या तुम्ही तपासल्या? सगळ्या?"

"तूच म्हणालीस ना, कुठली तिच्याकडे जाईल सांगता येत नाही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू यात न समजण्यासारखं काय आहे. "मग सगळ्याच नीट नकोत का?"

मी ओरडले. "आणि घरची पेटी? ती बघून आम्ही तिकडची अवस्था ओळखतो, बाबा! ती तुम्ही डागांनी भरून ठेवलीत, आता आडत्या म्हणतोय, माल वाटेत उतरवा, रस करा. तुमची ती नीट फळं उद्या कारखान्यात जातील, कळतंय का?"

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कात्री उचलून पुन्हा खाली ठेवली.

"मला वाटलं, ती घरातच राहणार," ते हळूच म्हणाले. "तू घरची म्हणालीस. मग म्हटलं, घरातलं काय, आपण खाऊ. फेकवत नव्हतं गं."

"आपण म्हणजे कोण?"

"तू आणि मी."

"म्हणजे गेली तिला निवडून निवडून चांगलं आणि राहिली तिला डागी!" हे मी बोलायला नको होतं. बोलले. "कळलं मला. चादर तिची, कप तिचा, नासपती तिची. मी काय, घरचीच पेटी."

बाबा गोंधळले. अगदी खरोखर गोंधळले, ते माझं बोलणं झेलायचंसुद्धा विसरले.

"तिला निवडून द्यावं लागतं," ते म्हणाले. "ती लांब आहे. एखादं वाईट निघालं तर शेजारी बसून दुसरं देता येत नाही. तुला काय, तू समोर असतेस. तुझं काही चुकलंमाकलं तर मी आहे ना इथे."

मी डोळे पुसले आणि उठले. त्यांच्याशी भांडायला नंतर पुष्कळ वेळ होता, आडत्याशी बोलायला नव्हता. जाता जाता एवढंच विचारलं, "बाबा, एकही पेटी न बघता गेली नाही? शपथ?"

"एकही नाही. जेवायलासुद्धा पट्टा बंद असेल तेव्हाच उठायचो. तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मी बघितलंच नव्हतं.

पॅकहाऊसवर काका फेऱ्या मारत होते. त्यांना सगळं सांगितलं. आधी त्यांना समजेना, मग समजलं तेव्हा डोक्याला हात लावून म्हणाले, "म्हणजे घरची पेटी बादच की! आता तिकडची अवस्था कळणार कशावरून?"

"याच पेटीवरून," मी म्हटलं. "काका, हिच्यातलं प्रत्येक वाईट फळ म्हणजे तिकडच्या एकेका पेटीतून निघालेलं वाईट फळ. ही जेवढी खराब, तेवढा तिकडचा माल चांगला."

"आणि खात्री?"

"माझी खात्री. खराब निघाला तर सगळ्यांसमोर मी उभी राहीन, तुम्ही नाही. पेटी ठेवायचं काम माझं होतं, ते मी दुसऱ्यावर सोपवलं."

काका स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "सबुरी." त्या दिवशी तो शब्द त्यांनी पहिल्यांदा स्वतःला सांगितला.

आडत्याला मी फोन केला आणि काहीही न लपवता सांगितलं. पेटी खराब निघाली हे खरं, पण पेटी खरी नव्हती. माझ्या वडिलांनी भरली होती. का भरली तेही सांगितलं. सांगताना मला लाज वाटत होती आणि कसलासा गर्वही वाटत होता, दोन्ही एकदम.

"तुमच्या वडिलांनी सगळ्या पेट्या बघितल्या?" त्याने विचारलं.

"सगळ्या."

"इथे राहणाऱ्या मुलीसाठी?"

"हो."

"ठीक आहे. पुढे आणतो," तो म्हणाला. "पण खराब निघाला तर मला वडिलांची गोष्ट परत सांगू नका."

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. जीव नुसता टांगणीला लागलेला. भरणाऱ्या बायकांनी माझी नक्कल करणं बंद केलं, त्यावरून त्यांना कळलंय हे मला कळलं. काका दिवसातून एकदाच यायला लागले. घरी बाबा ठिपका मागेनासे झाले. मीच मोबाइल त्यांच्यापुढे धरायचे, ते बघायचे आणि मान हलवायचे. त्या पेटीतली जी फळं अर्धीमुर्धी बरी होती ती मी घरी आणली होती. फेकवत मलाही नव्हतं. टोपलीत ती बाबांनी लावली, डाग वर करून, आणि रोज रात्री जेवल्यावर ते सुरी घेऊन बसायचे.

जहाज लागलं. दुसरा दिवस कोरडाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी आडत्याचा फोन आला तेव्हा मी पट्ट्याखाली वाकून अडकलेला दोरा काढत होते. काकांनी फोन घेतला. मी वाकलेल्या जागेवरून त्यांचे फक्त बूट बघत होते. मग बूट एकदम उडाले. या वयात काका उडी मारतात हे मला तेव्हा कळलं.

"पुढच्या हंगामाला दोन मागतोय! ताई! दोन!"

मी पट्ट्याखालून बाहेर आलेच नाही थोडा वेळ. तिथे बसून रडून घेतलं. बायका म्हणाल्या, ताईंच्या डोळ्यात धूळ गेली, आणि कुणी हसलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तर बाबांना सांगायची गरजच उरली नव्हती. काकांनी वाटेतल्या प्रत्येक दाराला सांगितलं होतं. बाबा नुसतं "हं" म्हणाले आणि मला पहिल्यांदा कोरड्या सुरात म्हणाले, "पुढच्या वेळी घरची पेटी तू ठेव."

"तुम्ही तर तिला हात लावायचा नाही. भिंतीवर लिहून लावणार आहे."

"लाव. मी काय वाचतो थोडाच."

जेवण झालं आणि धाकटीचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा दुपार होती, चेहऱ्यावर खिडकीतलं ऊन. फोन मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, म्हणजे आम्ही दोघं तिला दिसत होतो. तिच्यापुढे एका बशीत नासपती होत्या आणि प्रत्येकीवर आमचं हिरवं लेबल.

"मिळाल्या!" ती म्हणाली. "दुसऱ्या बाजारात. त्या माणसाला मी सांगितलं, ही माझ्या बाबांची फळं आहेत. त्याला वाटलं मी भाव कमी करून मागतेय."

बाबा मोबाइलच्या इतके जवळ गेले की तिला त्यांचं कपाळच दिसत असणार.

"खाल्लीस का?" त्यांनी विचारलं.

"दोन खाल्ल्या. बाबा, काय सांगू... नुसती मऊ, रस मनगटापर्यंत आला." मग ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "पण एक गोष्ट सांगू? सगळ्या फिरवून फिरवून बघितल्या. एकीलाही डाग नाही! आपल्या घरी कधी अशा असायच्या का? आई टोपली लावायची, सगळे डाग वर. मला वाटलं, एक तरी असेल तशी. कुठे गेल्या सगळ्या डागी?"

"आमच्याकडे आहेत," मी म्हटलं. "बाबांनी इकडे ठेवून घेतल्या."

"म्हणजे मला सगळ्या चांगल्या आणि ताईला डागी? बाबा, हे काय?"

ती गमतीने म्हणाली, पण मी लगेच उत्तर देणार होते. माझ्याकडे उत्तर तयारच होतं, कित्येक वर्षांचं. तेवढ्यात माझ्या ताटात एक फोड पडली आणि मी बोलता बोलता खाली बघितलं.

बाबा कापत होते, रोजच्यासारखे. टोपलीतलं सगळ्यात खराब फळ त्यांच्या हातात होतं, एक बाजू पूर्ण तपकिरी. त्यांनी त्याचे दोन भाग केले. डाग नसलेल्या भागाची साल काढली, बी काढलं, फोडी केल्या आणि न बघता माझ्या ताटात सरकवल्या. मग डागाच्या कडेने सुरी फिरवली, काळं तेवढं बाजूला काढलं आणि उरलेलं मऊ, तपकिरी कडेचं तोंडात टाकलं. नजर सगळा वेळ मोबाइलमधल्या धाकटीवर.

माझं ताट पांढरंशुभ्र होतं. त्यांच्या ताटात नुसत्या तपकिरी कडा.

आदल्या रात्री काय होतं, ते मला आठवेना. त्याच्या आदल्या रात्री? मी आकडे बघत होते. मी कायमच काहीतरी बघत असते. पण इतक्या वर्षांत मऊ पडलेली, तपकिरी फोड माझ्या जिभेला लागल्याचं काही केल्या आठवेना.

"ताई, बोल ना," धाकटी म्हणत होती. "तुला काय मिळालं?"

मी बाबांच्या ताटातली एक तपकिरी फोड उचलून तोंडात घातली. ते "अगं, ती नको," म्हणत माझा हात धरायला गेले, पण उशीर झाला होता.

"मलाही चांगलीच मिळाली," मी तिला सांगितलं. "रोज."